स्ट्रायपरचा 'द यलो अँड ब्लॅक अटॅक': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रायपरचा पहिला अल्बम हाच, की 'सोल्जर्स अंडर कमांड'?

स्ट्रायपर हा अमेरिकेतला ख्रिस्ती हेवी मेटल बँड. त्याच्या पहिल्या अल्बमबद्दल दोन्ही उत्तरं ऐकायला मिळतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. 'द यलो अँड ब्लॅक अटॅक' जुलै 1984 मध्ये एनिग्मा रेकॉर्ड्सने काढला. त्यात सहाच गाणी होती आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नव्हती, म्हणून तेव्हा त्याला ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, म्हटलं गेलं. पूर्ण लांबीचा 'सोल्जर्स अंडर कमांड' 1985 मध्ये आला. पुढे 1986 मध्ये पहिल्या रेकॉर्डला आणखी दोन गाणी जोडून ती पुन्हा बाजारात आणली गेली आणि तेव्हापासून बहुतेक लोक तिला अल्बमच म्हणतात.

आमच्या मते पदार्पण 1984 चंच धरावं. बँडचं नाव, पिवळे-काळे पट्टे, दोन गिटारींचे जोडसूर आणि येशूचं नाव आडपडदा न ठेवता घेणं, हे सगळं या सहा गाण्यांत आहे. 1985 मध्ये बँडला मोठा निर्माता मिळाला, मायकेल वॅगनर. पाया आधीच घातलेला होता.

वाजवणारे कोण होते?

चौघे, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटी भागातले. मायकेल स्वीट गायचा आणि गिटार वाजवायचा. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट ड्रमवर. दुसरी गिटार ऑझ फॉक्सची. त्याचं खरं नाव रिचर्ड मार्टिनेझ. बासवर टिम गेन्स. रेकॉर्ड आली तेव्हा मायकेल नुकताच 21 वर्षांचा झाला होता.

आधी बँडचं नाव रॉक्स रेजीम होतं. त्या काळातले डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणं, 2007 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ईपी ऐकून झाल्यावर ते जरूर ऐका, कारण तीच गाणी डेमोपासून रेकॉर्डपर्यंत किती घट्ट झाली ते कानाला कळतं.

रॉबर्टबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मंचावर तो ड्रमसेट आडवा लावतो, म्हणजे प्रेक्षकांना त्याची एक बाजू दिसते. बहुतेक बँडांत ड्रमर झांजांच्या मागे झाकला जातो. इथे त्याचे हात, पाय आणि काठ्या सगळं दिसतं. तो स्वतःला 'व्हिज्युअल टाइमकीपर' म्हणवतो, डोळ्यांनी पाहता येईल असा ठेका धरणारा.

'स्ट्रायपर' या नावाचा अर्थ काय? मराठी बायबलमध्ये तो सापडत का नाही?

नाव आलं यशया 53:5 वरून. आपल्या 'पवित्र शास्त्रा'त त्या वचनाचा शेवट असा आहे: "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले." इथे पट्ट्यांचा मागमूस नाही, त्यामुळे मराठी वाचक गोंधळतो. इंग्रजीच्या जुन्या किंग जेम्स भाषांतरात या जागी 'स्ट्राइप्स' हा शब्द आहे. त्या शब्दाचे दोन अर्थ: चाबकाने अंगावर उठलेले वळ, आणि कापडावरचे रंगीत पट्टे. बँडने हे दोन अर्थ एकत्र बांधले. अंगावरचे पिवळे-काळे पट्टे ही नुसती वेशभूषा राहिली नाही, ती ख्रिस्ताच्या पाठीवरच्या वळांची खूण झाली. बँडच्या चिन्हाखाली या वचनाचा क्रमांक छापलेला असायचा.

मराठीत 'फटके' म्हटलं की मारण्याची क्रिया दिसते, मागे उरलेली खूण दिसत नाही. 'वळ' म्हटलं की पाठच डोळ्यांसमोर येते. मूळ हिब्रू शब्दही माराने झालेल्या जखमेचा, काळ्यानिळ्या वळाचा आहे. बायबल अभ्यासवर्गात तरुणांना हे नाव समजावून सांगायचं असेल तर 'वळ' या शब्दापासून सुरुवात करा. रेषा लगेच जुळते.

नावाच्या इंग्रजी अक्षरांतून तारण, मुक्ती, शांती, उत्तेजन आणि नीतिमत्त्व असे शब्दही जुळवलेले आहेत. ती जुळवणी नावाला नंतर चिकटवलेली आहे; मूळ धागा वचनाचाच.

यात कोणकोणती गाणी आहेत?

1984 च्या मूळ रेकॉर्डवर 'लाउड अँड क्लिअर', 'फ्रॉम राँग टू राइट', 'माय लव्ह आय'ल ऑलवेज शो', 'यू नो व्हॉट टू डू', 'कमॉन रॉक' आणि 'यू वोन्ट बी लोन्ली'. 1986 मध्ये 'लव्हिंग यू' आणि 'रीझन फॉर द सीझन' या दोन गाण्यांची भर पडली. 'लव्हिंग यू' संथ आहे. 'रीझन फॉर द सीझन' नाताळचं गाणं आहे आणि सहा मिनिटांच्या पुढे जातं. सलग ऐकताना त्याची लांबी जाणवते.

एकच ऐकायचं असेल तर 'लाउड अँड क्लिअर'. आमचे केस लांब आहेत, कपडे तंग आहेत, कानांत डूल आहेत, पण दिसायला कसेही असलो तरी स्तुती त्याचीच करणार, असा त्याचा आशय. टीका येणार हे ओळखून पहिल्याच गाण्यात उत्तर देऊन ठेवलेलं आहे, तेही रुसवा न धरता. सुरुवात म्हणून याहून चांगलं गाणं त्यांच्याकडे नव्हतं.

जगातला पहिला ख्रिस्ती हार्ड रॉक अल्बम हाच का?

नाही. अगेप या बँडचा 'गॉस्पेल हार्ड रॉक' 1971 चा आहे. पेट्राचा पहिला अल्बम 1974 मध्ये आला. शिकागोच्या रेझरेक्शन बँडचा 'अवेटिंग युअर रिप्लाय' 1978 चा, आणि तो चांगलाच वजनदार आहे.

स्ट्रायपरचं वेगळेपण दुकानात होतं. आधीचे बहुतेक ख्रिस्ती बँड ख्रिस्ती कंपन्यांकडून रेकॉर्ड काढत आणि त्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विकल्या जात. ऐकणारे आधीपासूनच विश्वासात असलेले. एनिग्मा ही ख्रिस्ती कंपनी नव्हती. त्यामुळे ही रेकॉर्ड इतर हेवी मेटलच्या शेजारी, त्याच फडताळात लागली, आणि बँड रॅट, बॉन जोव्ही या रॉक बँडांच्या आधी त्याच मंचावर वाजवू लागला. मंचावरून ते नव्या कराराच्या छोट्या प्रती प्रेक्षकांत फेकायचे. तिकीट काढून दुसऱ्याच बँडला ऐकायला आलेल्या मुलाच्या हातात शुभवर्तमान पडायचं. या बँडचं मोठेपण आम्ही यातच मानतो.

मग चर्चमधूनच विरोध का झाला?

रूपामुळे, आवाजामुळे आणि संगतीमुळे. त्या काळचे अमेरिकेतले प्रसिद्ध दूरदर्शन-प्रचारक जिमी स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकवर जाहीर आणि कडक टीका केली. स्वीट कुटुंब विश्वासात आलं ते 1970 च्या दशकात त्यांचाच कार्यक्रम पाहून. ज्याच्या तोंडून संदेश ऐकला त्यानेच नाकारावं, हे या भावांना किती लागलं असेल याची कल्पना करता येते.

आक्षेप अगदीच पोकळ होता असं नाही. उपासनेत शब्द कळायला हवेत, आणि या संगीतात ते सहज बुडतात. पण वाद्याला किंवा चालीला स्वतःचा धर्म नसतो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाने लिहिली, आणि आज ती मराठी मंडळ्यांना आपल्या घरची वाटते.

जुनी एलपी मिळाली तर ती 1984 ची की 1986 ची हे कसं ओळखायचं?

गाणी मोजा. लेबलवर सहा असतील तर मूळ, आठ असतील तर नंतरची. पाकिटावर विसंबू नका. जुन्या रेकॉर्डांच्या बाजारात पाकीट एका तबकडीचं आणि तबकडी दुसरीच, हे नेहमी घडतं. तबकडी बाहेर काढून मधल्या कागदी लेबलवरची नावं आणि साल वाचा. मग ती उजेडाखाली तिरकी धरा. केसासारख्या बारीक रेघा चालतील. नखाला लागणारी रेघ म्हणजे सुई उडी मारणार.

आपल्याकडे मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात खरा शत्रू दमटपणा. पाकिटाच्या आतल्या कागदावर बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. आतला कागद बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट वापरा. तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि तडतड वाढते. रेकॉर्डा उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की उन्हाळ्यात खालच्या वाकतात.

त्या जोडगिटारी कशा वाजवायच्या? आम्ही वाजवल्या की बेसूर का लागतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

एक गिटार मूळ धून वाजवते, दुसरी तीच धून सप्तकातला एक स्वर सोडून वरून वाजवते. चूक होते ती अंतर मोजताना. पुष्कळ जण पहिल्या गिटारीपेक्षा कायम तीन पडदे वर वाजवतात (एक पडदा म्हणजे एक अर्धस्वर). ते अंतर स्वरागणिक बदलतं.

'ई मायनर' घ्या आणि ई ला सा माना. स्वर आसावरी थाटाचे होतात: ग, ध, नि कोमल. आता जोड्या लावा. सा वर कोमल ग, अंतर तीन अर्धस्वर. रे वर म, तीन. कोमल ग वर प, इथे चार. म वर कोमल ध, तीन. प वर कोमल नि, तीन. कोमल ध वर तार सा, चार. कोमल नि वर तार रे, चार. कायम तीन धरलंत तर सातपैकी तीन जागा बेसूर होणार, आणि त्या बरोबर धून जिथे थांबते तिथे आल्या तर लपवता येणार नाहीत. दुसऱ्या गिटारवाल्याने आपली ओळ आधी सरगममध्ये म्हणून पाहावी. तोंडात बसली की बोटात बसते.

दुसरी चूक तार ओढताना. पहिली गिटार रे वरून कोमल ग वर जाते तेव्हा तार अर्धा स्वर ओढायची असते. त्याच क्षणी दुसरीला म वरून प वर जायचं असतं, म्हणजे पूर्ण स्वर. उलट, पहिली कोमल ग वरून म वर पूर्ण स्वर ओढत असेल तर दुसरी प वरून कोमल ध वर अर्धाच. दोघांनी एकमेकांचा हात पाहून सारखीच तार ओढली की जोड फाटते. हात पाहू नका, ओढून कुठल्या स्वरावर पोचायचं तो स्वर आधी साधा वाजवून कानात घ्या. शेवटच्या लांब स्वरावरचं आंदोलनही दोघांचं सारख्या वेगाचं हवं. ठेक्याच्या एका मात्रेत किती हेलकावे ते ठरवून घ्या.

तिसरं कारण ॲम्प्लिफायर. दोन्ही स्वर एकाच ॲम्पमधून, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावून काढले तर त्यांच्या मिश्रणातून भलतेच स्वर तयार होतात आणि आवाज घोगरा, गढूळ होतो. म्हणून दोन गिटारी, दोन ॲम्प, आणि ध्वनिमुद्रणात एक डावीकडे, एक उजवीकडे. डिस्टॉर्शन तुम्हाला वाटतं त्याच्या दोन तृतीयांशच ठेवा. एकट्याने वाजवताना ते तोकडं वाटेल, जोडीत बरोबर बसेल.

एकच गिटारवाला असेल तर हार्मनायझर पेडल, म्हणजे वाजवलेल्या स्वराला जोडस्वर आपोआप देणारं यंत्र, चालतं. त्यावर की 'ई मायनर' लावा. नुसतं 'तिसरा स्वर' असं ठराविक अंतर लावलं तर वरचीच चूक यंत्र करेल.

मायकेल स्वीट इतक्या वर गातो. आमच्या गायकाचा आवाज तिथे जात नाही.

मग गाणं खाली आणा. लाज वाटून घेऊ नका. ओरडून घसा बसवण्यात कसलीच साक्ष नाही. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवा. बोटं त्याच जागी राहतील. मात्र तारा सैल होतात, पडद्यांवर झणझणतात आणि जोरात दाबल्या की स्वर चढतो. म्हणून तारांचा 10 ते 46 चा संच (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर 11 ते 49 चा घाला. गिटारीला तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला, ब्रिज असेल तर ताण बदलल्यावर तो वाकतो. मागचे स्प्रिंगचे स्क्रू फिरवून ब्रिज पुन्हा समपातळीत आणा, मग सूर लावा, मग पुन्हा ब्रिज तपासा. दोन-तीन फेऱ्या लागतात. शेवटी बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळतात का पाहा. दाबलेला चढा लागला तर त्या तारेची घोडी मागे सरकवा.

ध्रुपदातले ते थरावर थर चढवलेले आवाज घरी कसे मुद्रित करायचे?

तीन ओळी लिहा: मुख्य, तिच्या वरची, तिच्या खालची. मुख्य ओळ एकदा, मधोमध. वरची आणि खालची प्रत्येकी दोनदा खरोखर गाऊन घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. असे पाच ट्रॅक होतात. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर भरीवपणा येत नाही, आवाज फक्त मोठा होतो. रुंदी येते ती दोन वेळच्या गाण्यातल्या बारीक फरकातून.

इंग्रजी शब्द 'स' ने संपला की पाच ट्रॅकवरचे पाच 'स' पुढेमागे पडतात आणि तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज येतो. शेवटचा 'स' फक्त मुख्य ओळीने म्हणावा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबावं. शब्द पुरा ऐकू येतो, कोणाला फरक कळत नाही. साथीच्या ओळींतलं 120 हर्ट्झखालचं सगळं कापून टाका.

चर्चच्या हॉलमध्ये ही गाणी वाजवली की नुसता गलका होतो. काय करावं?

हॉल दगडी किंवा काँक्रीटचा, छत उंच, खिडक्या काचेच्या. आवाज भिंतींवर आपटून रेंगाळतो आणि एक ठोका विरायच्या आत दुसरा येतो. आवाज वाढवून हे सुटत नाही, बिघडतं. गिटारचे ॲम्प लहान घ्या, 15 ते 20 वॉटचे पुरतात. ते जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वादकाच्या कानाकडे तिरके ठेवा. जमिनीवर ठेवले की खर्ज फुगतो आणि वादकाला आपलाच आवाज ऐकू येत नाही म्हणून तो आणखी वाढवतो. मिक्सरवर गिटारचा 200 ते 300 हर्ट्झचा भाग थोडा उतरवा. ड्रमच्या काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीच्या रॉड वापरा. गाण्याची लय किंचित उतरवली तरी चालेल. ध्वनितपासणी रिकाम्या हॉलमध्ये झाली असेल तर लोक बसल्यावर वरच्या पट्टीचा आवाज कमी वाटणार. तेवढी जागा ठेवा.

ही गाणी इथे वाजवायला परवानगी लागते का?

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52(1)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवणं उल्लंघन ठरत नाही. तिकीट लावलेली मैफल यात बसत नाही. तिला परवाना लागतो, आणि त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे जावं लागतं. उपासनेत वाजवलेलं गाणं मुद्रित करून यूट्यूबवर टाकणं हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे, विधीची सवलत तिथवर पोचते असं धरून चालू नका. भाषांतर करून प्रसिद्ध करायचं असेल तर गाण्याच्या हक्कदाराची परवानगी आधी घ्यावी लागते.

हे ऐकून झाल्यावर पुढे काय?

'सोल्जर्स अंडर कमांड', मग 1986 चा 'टू हेल विथ द डेव्हिल'. त्याचं नाव ऐकून दचकू नका, सैतानाला हाकलणारं आहे ते. 2013 च्या 'सेकंड कमिंग'मध्ये बँडने स्वतःची जुनी गाणी नव्याने वाजवली आहेत. त्यातलं 'लाउड अँड क्लिअर' 1984 च्या शेजारी लावून ऐका. जुनं कच्चं आहे, धावतं आहे, आणि आम्हाला अजून तेच जवळचं वाटतं.

मराठीत असं स्वतःचं गाणं रचायचं आहे. शब्द चालीवर बसत नाहीत.

बहुधा उंच स्वरावर चुकीचं अक्षर येत असतं. वरच्या पट्टीत 'आ' आणि 'ए' मोकळे सुटतात. 'ई' आणि 'ऊ' ला तोंड मिटतं आणि आवाज चिरकतो. 'येशू' हा शब्द उंचावर घ्यायचा असेल तर लांब स्वर 'ये' वर द्या आणि 'शू' खाली उतरताना पटकन म्हणा. 'तारणारा', 'राजा', 'आला' हे शब्द ध्रुपदाच्या शेवटी सोन्यासारखे, कारण ते 'आ' वर संपतात. 'ख्रिस्त' सगळ्यात अवघड: स्वर ऱ्हस्व, आणि शेवटी 'स्त' चा जोड. तो ताणायचाच असेल तर 'ख्रि' वर स्वर धरून ठेवा आणि 'स्त' पुढच्या स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ढोलाच्या) ठोक्यावर नेमका टाका. ड्रमरला ती जागा आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या ठोक्यावर तो झांज मारणार नाही आणि शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचेल.